पाकीट मारलं, आधार गेलं: आधी काय, मग काय?

लोकलच्या गर्दीत पाकीट मारलं की बहुतेक जण आधी नव्या कार्डाच्या मागे लागतात. खरं तर ते काम शेवटचं. कार्ड चोरीला गेलं तरी आधार क्रमांक तोच राहतो आणि दुसरं कार्ड घरबसल्या मिळतं. घाई करायची ती गैरवापर रोखण्याची.

पाकिटासोबत मोबाइलही गेला असेल, तर सगळ्यात आधी जुन्याच नंबरचं सिम काढा, कारण पुढचं जवळजवळ सगळं ओटीपीवर चालतं. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, हे धरून चाला.

ओटीपी येऊ लागला की आधारच्या ‘माय आधार’ पोर्टलवर किंवा अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याने ओळख पटवण्याची सोय, लॉक करा. कार्डावर तुमचा ठसा नसतो हे खरं, पण आधार क्रमांक आणि कुठून तरी मिळवलेला ठसा एकत्र आले की अंगठ्यावर बँकेतून पैसे काढता येतात. लॉक केल्यावर रेशन दुकानात तुमचाही अंगठा चालणार नाही; तेवढ्यापुरतं अनलॉक करता येतं. ‘माय आधार’वरच आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची मागच्या सहा महिन्यांची नोंद दिसते, ती बघून घ्या. आधार क्रमांकच आठवत नसेल, तर आधारच्या 1947 या हेल्पलाइनवर फोन करा.

आता पोलीस ठाणे. चालत्या गाडीत चोरी झाली असेल, तर लोहमार्ग पोलिसांकडे जा. ऑनलाइन ‘गहाळ’ नोंद दहा मिनिटांत होते आणि दुसरं कार्ड काढायला बऱ्याचदा तेवढी पुरते. पण ती हरवलेल्या वस्तूंसाठी असते. खिसा कापला गेला असेल, तर ‘गहाळ’वर समाधान मानू नका, चोरीचीच तक्रार लिहून घ्यायला सांगा. उद्या तुमच्या कागदपत्रांवर कुणी कर्ज उचललं, तर तारखेची ती नोंदच कामी येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं उत्तर मिळालं, तर ‘झिरो एफआयआर’ म्हणा, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती तरतूद आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

मग कार्डं. ई-आधार ‘माय आधार’ पोर्टलवरून फुकट डाउनलोड होतं आणि कार्डाइतकंच ग्राह्य असतं. त्याचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. प्लास्टिकचं कार्ड हवंच असेल, तर त्याच पोर्टलवर पीव्हीसी कार्ड मागवा, स्पीड पोस्टाने घरी येतं. पॅनचा क्रमांकही बदलत नाही. 50 रुपयांत पुन्हा छापून मिळतं. मतदार ओळखपत्रासाठी फॉर्म 8 भरा.

पुढचे काही महिने दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर असेल तर तिथूनच कळवता येतं. आणि सिबिल, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी, तिचा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं, तर एफआयआरची प्रत जोडून बँकेला लेखी कळवा. खात्यातून पैसेच गेले, तर मात्र आधी 1930, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, फिरवा.