ट्युनिशियात नवीन आलाय? मग इथे कुणाचं चालतं ते आधी समजून घ्या

भाड्याच्या घराच्या करारावर घरी बसून सही करू नका, हे सगळ्यात आधी सांगते. इथे सहीला किंमत येते ती बलदियात, म्हणजे नगरपालिकेत, क्लार्कच्या डोळ्यांसमोर केली तरच. मला हे माहीत नव्हतं, पहिल्या वर्षी मी सगळी पानं व्यवस्थित सह्या करून नेली आणि खिडकीतल्या बाईंनी शांतपणे कागद परत सरकवले, अर्धा दिवसाची रजा वाया गेली आणि नवीन प्रिंट काढावी लागली ती वेगळीच. सही न केलेला करार, पासपोर्ट, घरमालक सोबत, असं जायचं. मग तो करार रसेत द फिनान्समध्ये, म्हणजे सरकारी कर कार्यालयात, नोंदवायचा, आणि तो हातात आला की मगच कार्त द सेजूरसाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या कार्डासाठी, आपल्या भागातल्या पोलिसांच्या मर्कझमध्ये, म्हणजे ठाण्यात जायचं. नोकरीचा करारही रोजगार खात्याचा शिक्का मारलेला लागतो. कार्ड यायला वेळ लागतो, तोवर रेसेपिसे नावाची पावती देतात, ती कायम जवळ ठेवा.

आता बलदियात काही अडलं तर आपल्या सवयीने कुणी म्हणेल नगरसेवकाला भेटू. नगरसेवकच नाहीत. मार्च २०२३ मध्ये सगळ्या निवडून आलेल्या नगरपालिका बरखास्त झाल्या, आता कारभार अधिकारी बघतात, मुंबई-पुण्यात २०२२ नंतर काही वर्षं प्रशासक होते ना, तसंच समजा. त्यांच्या वर वाली. देशात २४ विलाया, म्हणजे प्रांत आहेत, प्रत्येकीचा मुख्य अधिकारी एक वाली, त्याच्या हाताखाली तालुक्यासारख्या भागाचा अधिकारी मुअतमद आणि अगदी मोहल्ल्याच्या पातळीवर ओमदा. वाली म्हणजे आपला कलेक्टर असं मी सुरुवातीला समजायचे पण कलेक्टर परीक्षा देऊन येतो, वालीला थेट राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि हवं तेव्हा काढतात.

म्हणजे बलदियाच्या खिडकीपासून धागा धरून वर गेलात तर शेवटी कार्थेजच्या राजवाड्यातच, म्हणजे राष्ट्राध्यक्षांकडेच पोचता. २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी पंतप्रधानांना घरी पाठवलं आणि संसद थांबवली, बरोबर वर्षाने जनमत घेऊन नवीन राज्यघटना आणली, मतदान झालं साधारण ३० टक्के. या घटनेत पंतप्रधान आणि मंत्री राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि ते उत्तरदायी त्यांनाच. राजधानी ट्युनिसजवळच्या बार्दोला संसद आहे, १६१ जागांची, पण डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत पक्षांच्या याद्याच नव्हत्या, एकेकट्या उमेदवारांना मत द्यायचं होतं, बऱ्याच पक्षांनी बहिष्कार टाकला आणि मतदान जेमतेम ११ टक्क्यांच्या आसपास. २०२४ पासून ७७ जणांचं दुसरं सभागृहही आहे, प्रदेश आणि जिल्ह्यांचं, पण रोजच्या जगण्यात त्याचं नाव मी क्वचितच ऐकते. घटना न्यायालय मात्र अजून स्थापनच झालेलं नाही, त्यामुळे घटनेचा अर्थ लावायला वर कुणी नाही, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. म्हणून टीव्हीवर पंतप्रधान बदलले अशी बातमी आली तर घाबरू नका, तुमच्या कार्डाच्या कामात त्याने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो फोनमुळे. सप्टेंबर २०२२ चा डिक्री ५४ नावाचा कायदा आहे, खोटी बातमी पसरवली असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० दिनारपर्यंत दंड, आणि खोटी कशाला म्हणायचं ते फार मोघम आहे. सोनिया दहमानी या वकीलबाईंना मे २०२४ मध्ये टीव्हीवरच्या एका टोमण्यावरून अटक झाली. आपण पाहुणे, त्यामुळे इथल्या राजकारणावर पोस्ट नको, फॉरवर्ड नको, पोलिस, लष्कर, सरकारी इमारती यांचे फोटो नकोत. २०१५ पासून आणीबाणी पुन्हा पुन्हा वाढवत नेली आहे, रस्त्यात कागद विचारले तर शांतपणे दाखवा.

पण यावरून इथली माणसं गप्प आणि घाबरट आहेत असं कृपा करून समजू नका. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बुझीदमध्ये मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि महिन्याच्या आत, १४ जानेवारीला, २३ वर्षं सत्तेत असलेला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला, ते याच लोकांनी घडवलं. कामगार संघटना उजेतेते (UGTT) १९४६ पासूनची आहे, तिने हाक दिली की बस, बँक, शाळा बंद, म्हणून संपाच्या बातम्या रोज बघत जा. तिच्यासह चार संस्थांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं, हे इथले लोक अजून अभिमानाने सांगतात.

आमचे घरमालक सत्तरीचे आहेत. त्यांच्या फोनमध्ये ऑक्टोबर २०११ चा, बेन अली पळाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीतला एक फोटो आहे, त्यात ते आणि त्यांची बायको निळ्या शाईचं बोट वर करून उभे आहेत, मागे मतदानाची लांबच लांब रांग. मी त्यांना सांगितलं आमच्याकडेही अशीच शाई लावतात, तर ते किती तरी वेळ आमच्या निवडणुकांबद्दल विचारत राहिले, मशीनवर मत कसं देतात, हरलेला माणूस खुर्ची सोडतो का. ऑक्टोबर २०२४ ला सईद ९० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन परत निवडून आले, मतदान साधारण २९ टक्के. त्या रविवारी आमचे घरमालक दिवसभर अंगणात लिंबाची छाटणी करत होते. मी काही विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका, त्यांना बोलायचं असेल तेव्हा ते स्वतःच चहा घेऊन येतात.