सोलापुरात भाड्याने घर शोधताना पेठेआधी गल्ली बघा

सोलापुरात नवखा माणूस घर शोधायला निघाला की पहिला सल्ला मिळतो तो भागाचा. जुळे सोलापूर बघा, होटगी रोड बघा, सात रस्त्याच्या आसपास मिळालं तर सोडू नका, पेठांमध्ये जाऊ नका. हा सल्ला अर्धाच खरा. जुळे सोलापुरातही दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट आणि खांबावर बंद दिवा अशा गल्ल्या आहेत. उलट जुन्या पेठांमध्ये रात्री अकरालाही ओट्यावर माणसं बसलेली असतात, आणि अनोळखी कोणी आत वळला तर दोघं-तिघं "कोण पाहिजे?" म्हणून विचारतात. भाग ठरवावा तो नोकरी, कॉलेज, शाळेच्या अंतरावरून. सुरक्षितता गल्लीवर आणि घरावर ठरते, आणि सोलापुरात तिचा मोठा वाटा पाण्याकडे जातो. तो कसा, ते पुढे येईलच.

घर बघायला जाण्याआधी

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' असा विभाग आहे. तिथे जिल्हा 'सोलापूर शहर' निवडा, मग पोलीस ठाणं: सदर बझार, फौजदार चावडी, जेलरोड, जोडभावी पेठ, विजापूर नाका, एमआयडीसी किंवा सलगर वस्ती. कुंभारीसारख्या शहराला चिकटलेल्या गावात घर बघत असाल तर जिल्हा 'सोलापूर ग्रामीण' घ्यावा लागतो. शहराच्या यादीत ते सापडणार नाही.

तारखा एकेका महिन्याच्या टाका आणि कलमांचा रकाना वाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, म्हणून कलमांचे जुने आकडे विसरा. ३०३ म्हणजे साधी चोरी; त्यात बहुतेक मोबाईल आणि दुचाकी येतात. ३०४ म्हणजे हिसकावणे, गळ्यातलं गंठण ओढून नेणं वगैरे. ३०५ आणि ३३१ एकत्र दिसले की समजा घरफोडी. घर भाड्याने घेणाऱ्याला सर्वांत जास्त कामाची हीच जोडी.

दोन ठाण्यांच्या एकूण गुन्ह्यांची तुलना करू नका. एकाची हद्द मोठी, दुसऱ्याची लहान. त्यातून काही कळत नाही. प्रत्येक एफआयआरमधलं घटनास्थळ आणि वेळ बघा. तुमच्या नगराचं नाव पुन्हा पुन्हा येतं का? घरफोड्या रात्री होतात, की सगळे कामावर गेल्यावर दुपारी? दुपारच्या असतील तर नवराबायको दोघंही नोकरी करणाऱ्या घराने जरा थांबून विचार करावा. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे या यादीत टाकत नाहीत, त्यामुळे यादी कोरी दिसली म्हणून बाईमाणसाला तो भाग निर्धोक आहे असं धरू नका. त्यासाठी गल्लीतल्या बायकांनाच विचारावं लागतं: क्लास सुटल्यावर मुलगी एकटी चालत येते का, की तिला कोणी आणायला जातं?

तीन वेळा चक्कर

एजंट घर दाखवतो सकाळी अकराला. त्या वेळी कुठलीही गल्ली चांगलीच दिसते.

पहिली चक्कर रात्री साडेनऊ ते साडेदहा, कामाच्या दिवशी. मुख्य रस्त्यावर रिक्षातून उतरा आणि दारापर्यंत चालत जा. किती खांबांवरचे दिवे लागलेत, ते मोजा. दोन बंद खांबांमधला पट्टा अंधाराचा असेल आणि शेजारी झाडोरा वाढलेला मोकळा प्लॉट असेल, तर तो पट्टा रोज ओलांडायचा आहे हे लक्षात घ्या. बंद दिवा महापालिका बदलू शकते. मोकळ्या प्लॉटचा मालक मात्र पुण्यात असतो आणि वर्षानुवर्षं फिरकत नाही. कोपऱ्यावर पानटपरी असेल तर तिथे उभी असणारी माणसं गल्लीतली आहेत की बाहेरची, हे दुकानदाराच्या बोलण्यावरून दोन मिनिटांत कळतं. रात्री दहापर्यंत उघडं असणारं किराणा किंवा औषधाचं दुकान ही चांगली खूण.

दुसरी चक्कर पहाटे साडेपाच-सहाला. गळ्यातलं ओढून नेण्याचे प्रकार फिरायला निघालेल्या बायकांच्या बाबतीत याच सुमारास होतात. बायका फिरताना दिसतात का, आणि एकट्या की घोळक्याने, ते बघा.

तिसरी चक्कर एप्रिल-मेमध्ये घर घेत असाल तर दुपारी दोन ते चार. पारा ४२-४३ च्या पुढे गेला की गल्ली पूर्ण सुनसान होते, दारं बंद, कूलर चालू. मागच्या बाजूला कोणी कडी वाजवली तरी आवाज येत नाही. याच दिवसांत रात्री गच्चीवर झोपायची इथली जुनी सवय. खाली घराला नुसती कडी लावून वर झोपणं म्हणजे चोराला आमंत्रणच. गच्चीचा जिना घरातून आहे की बाहेरून, आणि खालचं दार बाहेरून कुलूप लावता येईल असं आहे का, हे घर बघतानाच पाहून घ्या.

पाणी

उजनीहून शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीने पाणी येतं आणि शहरात ते रोज सुटत नाही. दिवसाआड नव्हे, बऱ्याच भागांत कित्येक वर्षं चार-पाच दिवसांनी एकदा येत आलं आहे. तेही कधी पहाटे, कधी मध्यरात्री. त्यामुळे "पाणी आहे ना?" या प्रश्नाला "आहे" हे उत्तर काहीच सांगत नाही. मालकाला न विचारता शेजारच्या बाईंना विचारा: किती दिवसांनी येतं, किती वाजता, किती वेळ, आणि वरच्या मजल्यापर्यंत मोटारीशिवाय चढतं का? त्या भागाचा व्हॉल्व्ह सोडणारा चावीवाला भेटला तर त्याहून उत्तम.

साठ्याचा हिशोब असा. माणशी रोज १०० लिटर धरले तर चौघांना ४००. पाच दिवसांचे २०००. पाणी एक दिवस उशिरा येतं हे गृहीत धरा, म्हणजे २४००. पाच फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल हौदात साधारण २२५० लिटर मावतं. निदान एवढा हौद तुमच्या एकट्याचा हवा. तीन भाडेकरूंत मिळून असेल तर प्रत्येकाला साडेसातशे, म्हणजे चौघांना दोन दिवस पुरेल इतकंच. बोअर असेल तर वापरायला आधार होतो. मात्र ते पाणी जड असतं, आणि मे महिन्यात बोअर चालू राहतो का, हे उन्हाळ्यात तिथे राहिलेल्यालाच ठाऊक.

आता यात सुरक्षितता कुठे आली?

एक, झाकण. जमिनीतल्या हौदावर सुटी फरशी किंवा पत्रा टाकलेला असेल आणि घरात लहान मूल असेल, तर बिजागरीचं, कडी-कुलपाचं लोखंडी झाकण बसवून मिळेपर्यंत सामान हलवू नका. दोन, मोटार. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणं नियमाबाहेर आहेच, पण खरा धोका शॉकचा. ओली फरशी, उघडी वायर, अंधार आणि अर्धवट झोपेतला माणूस, असा सगळा मेळ तिथे जमतो. मीटरजवळच्या बोर्डात विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का बघा. त्याचं चाचणी बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे. बटण दाबून काहीच झालं नाही तर तो शोभेचा आहे. नवा बसवून घ्या आणि अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या.

तीन, डास. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. पाण्याच्या भीतीने हौद कधी रिकामाच होत नाही, तिथे त्याला आयती जागा मिळते. हौदाला घट्ट झाकण, टाकीच्या हवेच्या नळीला जाळी, आणि धुऊन कोरडी करता येतील अशी दोन लहान भांडी, एवढं तरी हवंच. चार, दूषित पाणी. नळजोड ड्रेनेजच्या चेंबरशेजारून आला असेल आणि वाहिनी पाच दिवस रिकामी राहिली असेल, तर फुटक्या जागेतून घाण आत शिरते. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी बादलीत घेऊन रंग आणि वास बघा, मग हौदात सोडा. गल्लीत वास येणाऱ्या पाण्याची तक्रार जुनी असेल तर ते घर सोडून द्या. जार विकत घेऊन तो प्रश्न सुटत नाही, कारण भांडी आणि भाजी त्याच नळाच्या पाण्याने धुतली जातात.

मध्यरात्री पाणी आलं की अख्खी गल्ली जागी असते, दारं सताड उघडी असतात. नळ घराच्या आवारात असेल तर ठीक. रस्त्यावर येऊन पाइप जोडावा लागत असेल आणि घरात एकटी बाई किंवा म्हातारी माणसं असतील, तर तसं घर घेऊ नये.

हद्दवाढ, ओढे आणि काळी माती

१९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागांत भाडं कमी आणि जागा मोठी मिळते. कमी भाड्याचं कारण बहुधा ड्रेनेज नसणं किंवा कच्चा रस्ता असतं. जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि उथळ पाया असलेल्या घराच्या भिंतींना तिरक्या भेगा पडतात. बारीक केसासारख्या भेगांना घाबरायचं कारण नाही. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, बोटाचं टोक आत जाईल इतकी भेग असेल तर ते घर सोडा. पावसाळ्यात शेजारच्या प्लॉटमधून साप-विंचू येतात. दाराखालची फट आणि न्हाणीच्या मोरीची जाळी बघून घ्या.

आदिला नदी आणि शेळगीच्या नाल्याकाठचं घर उन्हाळ्यात बघितलं तर कोरडा चर दिसतो, म्हणून फसायला होतं. कंपाउंडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर आडवी मातकट रेघ आहे का बघा. शेजाऱ्याचा फ्रिज विटांवर चढवलेला दिसला तर पाणी कुठपर्यंत येतं ते विचारायचीही गरज नाही. तळमजल्याचं मीटर कमरेच्या खाली असेल तर नकोच.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांची गोष्ट वेगळी. दगड-मातीच्या भिंती आणि धाब्याचं छत उन्हाळ्यात गार असतं, पण संततधार पावसात मातीची भिंत पाणी पिऊन बसते. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा देते. झोन ऑफिसात जाऊन त्या पत्त्यावर नोटीस आहे का ते विचारा. मालक सांगणार नाही.

मागावरची खोली

पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या शेडवर किंवा शेजारी स्वस्तात खोल्या मिळतात. आवाजाची सवय होते असं म्हणतात, लहान मुलांना आणि रात्रपाळी करणाऱ्यांना होत नाही. त्याहून मोठा प्रश्न आगीचा. सूत आणि टॉवेलचे गठ्ठे धुमसतात, धूर जिन्यातून वर येतो आणि जिना तोच एक असतो. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत तिथेच राहणारी माणसं अडकली आणि आठ जणांचा जीव गेला. कारखान्यावर राहण्याची खोली घेऊच नका. शेजारी घेतलीत तर शेडमधून न जाणारा दुसरा रस्ता हवा, आणि खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांपैकी किमान एक आतून उघडणारी हवी.

मालक, करार, पोलीस

आगाऊ पैसे देण्यापूर्वी तीन कागद बघा: चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती, वीजबिल आणि मालमत्ता पत्रक किंवा सातबारा. तिन्हींवर एकच नाव हवं. वडिलांच्या नावावर असेल तर भाऊ किती, वाद आहे का, हे स्पष्ट विचारा. वीजबिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक महावितरणच्या अ‍ॅपवर टाकला की थकबाकी दिसते. घर न दाखवता "बदली झाली आहे, टोकन पाठवा, किल्ली कुरिअर करतो" म्हणणारा मालक हा मालक नसतो.

करार नोंदणीकृतच करा. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागतं असं अनेक मालक सांगतात, भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिखित करार आणि त्याची नोंदणी सक्तीची आहे, जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. खर्चही फार नाही. महिना ८,००० भाडं, ३०,००० अनामत, ११ महिने धरले तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क दोन-तीनशे रुपये होतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटचा आकार वेगळा. करारात पाण्याच्या टँकरचा खर्च कोणाचा, मोटार बिघडली तर कोणी दुरुस्त करायची आणि अनामत किती दिवसांत परत, हे तीन मुद्दे लिहून घ्या. इथले बहुतेक तंटे यांवरच होतात.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायला मालक टाळाटाळ करत असेल तर सावध व्हा. त्याला कर किंवा काहीतरी लपवायचं असतं, आणि उद्या काही झालं तर तुम्ही तिथे राहता याचा पुरावा तुमच्याकडे नसतो. तीच माहिती सिटिझन पोर्टलवरूनही भरता येते. पोचपावती जपून ठेवा.

किल्ल्या हातात आल्या की सामान लावण्याआधी मुख्य दाराचं कुलूप बदला. आधीच्या भाडेकरूकडे, त्याच्या मोलकरणीकडे आणि मालकाच्या पुतण्याकडे किती किल्ल्या आहेत ते कोणालाच माहीत नसतं. कडीचे स्क्रू अर्धा इंचाचे असतील तर दीड-दोन इंचाचे, चौकटीच्या लाकडात खोल जाणारे घाला. जुनं कुलूप फेकू नका. जाताना मालकाला तेच परत बसवून द्यायचं असतं, नाहीतर तेवढे पैसे अनामतीतून कापून घेतो.