नेट गेलं? आधी ती रीसेटची पिन खाली ठेवा

घोडबंदर रोडचा टॉवर असो नाहीतर कोपरखैरण्याची रो हाऊस, नेट गेलं की पहिलं काम काय, तर राउटर उलटा करून मागच्या बारीक भोकात पिन घालायची. नका करू हो! दाबून धरलं की फॅक्टरी रीसेट होतो, म्हणजे वायफायचं नाव, पासवर्ड, आणि कनेक्शन पीपीपीओईवालं (युजरनेम टाकून लॉगिन होणारं) असेल तर त्याचं युजरनेम पासवर्डपण साफ, मग बसा नेटवाल्याची वाट बघत. रिस्टार्टच करायचाय ना, सरळ स्विच बंद करा, अर्ध्या मिनिटाने चालू करा.

पण त्याच्याही आधी बघा अडलंय कुठे, कॉम्प्युटर ते राउटर की राउटर ते बाहेर. फायबरच्या डब्यावर एलओएसची (सिग्नल गेल्याचं सांगणारी) लाईट लाल असेल तर लाईनच येत नाहीये, वायर कुठे तुटली किंवा दुमडली असणार, तेव्हा लॅपटॉपमध्ये काही करू नका, कम्प्लेंट टाका. ती लाईट बंद असेल तर विंडोजमध्ये सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) मारा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय? म्हणजे राउटरने आयपी (नेटवर्कमधला पत्ता) दिलाच नाही, विंडोजने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय, तर केबल बदला, राउटरचा दुसरा पोर्ट बघा. १९२.१६८ वाला पत्ता असेल तर तिथेच डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता दिसतो, त्याला पिंग करा (ping आणि पुढे तो पत्ता टाइप करायचा, समोरचा उत्तर देतो का ते कळतं). उत्तर आलं की ८.८.८.८ ला करा, हा गूगलचा डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर. तोही उत्तर देतोय आणि तरी साईट उघडत नाहीत, तर घोळ बहुतेक डीएनएसचा, सेटिंगमध्ये डीएनएस बदलून बघा.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार. आतल्या बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून जुना राउटर काढतात, हॉलमधून केबल ओढतात आणि दिसेल त्या पोर्टमध्ये खुपसतात. दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१, दोघेही आयपी वाटतायत, एका सोसायटीत दोन सेक्रेटरी! कधी नेट चालतं, कधी नाही, आणि शिव्या मात्र नेटवाल्याला. जुन्या राउटरला एकट्याला लॅपटॉप जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (हा पत्ता घरात दुसऱ्या कुणाकडे नको), डीएचसीपी (हेच ते आयपी वाटायचं काम) बंद करा, आणि हॉलमधली केबल त्याच्या लॅन (घरातल्या जोडणीच्या) पोर्टला लावा, वॅनला (बाहेरून नेट येतं त्याला) नाही. मग प्रिंटर हॉलमध्ये आणि लॅपटॉप आत असला तरी एकमेकांना दिसतात.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि केबलवर स्पीड ९५च्या वर जात नाही, तर प्लॅनला दोष देऊ नका. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, त्यामुळे बाकीच्या चारपैकी एखादी तार क्रिम्पिंगमध्ये (टोकाला प्लग बसवताना) सुटली की लिंक गुपचूप १०० वर येते. ईथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, तिथे १०० असेल तर आधी केबल बदलून बघा. तरी तेच, तर राउटरचा पोर्टच १०० वाला असेल, स्वस्त मॉडेलमध्ये असतो.

वायफायचं म्हणाल तर टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर नुसती गर्दी, चॅनेल १, ६, ११ पैकी मोकळा असेल तो लावा, किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या.

आणि हो, अॅडॅप्टर. सेटटॉप बॉक्सचा पिन बसतो म्हणून राउटरला लावू नका, एक १२ व्होल्टचा, दुसरा ९ चा असू शकतो, आणि व्होल्ट कमी पडले तर लाईट लागतात पण राउटर मधेच आपोआप रिस्टार्ट होत राहतो. राउटरच्या खालच्या स्टिकरवर व्होल्ट आणि अॅम्पियर लिहिलेलं असतं, व्होल्ट तेवढेच हवेत, अॅम्पियर जास्त असले तर चालतील.