सांगलीची गाडी बर्फात नेताना या चुका टाळा

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या जेटीवर दव गोठलं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. सातारा-सांगलीकडे थंडी म्हणजे एवढीच. त्याच दिवसांत बेदाणा, हळद नाहीतर द्राक्षं भरून तासगाव-मिरजेची गाडी उत्तरेला निघते आणि दिल्लीत माल उतरला की एखादं भाडं जम्मू-श्रीनगरचं मिळतं. तिकडे 21 डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत ‘चिल्ले कलां’चे, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. श्रीनगरात पहाटे पारा शून्याखाली पाच-सहा अंश जाणं नेहमीचंच. ड्रायव्हर कानटोपी आणि दोन ब्लँकेटं घेतो, पण गाडीच्या टाकीत डिझेल सांगलीचं, रेडिएटरमध्ये पाणी सांगलीचं आणि चाकांत हवाही सांगलीचीच. बहुतेक बिघाडांचं मूळ इथेच असतं.

डिझेल: स्वस्त मिळालं म्हणून टाकी फुल्ल

डिझेलमध्ये मेण असतं. गार झालं की त्याचे कण धरतात आणि पहिल्यांदा फिल्टर तुंबतो. आपल्या मानकात (आयएस 1460) फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळी डिझेलला 6 अंश सेल्सियस आहे, उन्हाळी डिझेलला 18. म्हणजे इथलं हिवाळी डिझेलसुद्धा काश्मीरच्या पहाटेसाठी बनवलेलं नाही. मार्चमधल्या द्राक्षाच्या गाडीचा धोका तर आणखी वेगळा: इकडे ऊन तापलेलं म्हणून टाकीत उन्हाळी डिझेल, वर घाटात अजून बर्फ.

म्हणून वाटेत भाव बरा दिसला की काठोकाठ भरायची सवय या फेरीपुरती सोडा. जम्मूला पोचेपर्यंत टाकी उतरलेली हवी. पुढे तिथल्या ड्रायव्हर लोकांना विचारून, ते भरतात त्याच पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. त्या बाजूला जाणार असाल तर ते सोडून दुसरं काही टाकू नका. मेण धरू न देणारं औषध बाटलीत मिळतं, पण ते डिझेल पातळ असतानाच टाकावं लागतं. एकदा मेण धरलं की त्या औषधाने ते विरघळत नाही.

लक्षण ओळखायला सोपं आहे. गाडी सकाळी चालू होते, पाच-दहा मिनिटं बरी चालते, मग दम सोडते आणि बंद पडते. लोक लगेच पंप-नोझल उघडायला बसतात. आधी फिल्टर बघा, आत पांढुरकं, घट्ट काही दिसलं तर पंपाला हात लावायचं कारण नाही. नवा फिल्टर बसवा, नाहीतर जुन्यावर फडकं गुंडाळून गरम पाणी सोडा किंवा ऊन येईपर्यंत थांबा. जादा फिल्टर सांगलीतूनच न्यावा, कारण तिकडे तुमच्याच मॉडेलचा मिळेल असं नाही. फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणीही निघायच्या आधी सोडून द्या, सगळ्यात आधी तेच गोठतं.

टाकीखाली चिंध्या पेटवणारे अजूनही दिसतात. पाईप प्लॅस्टिकचे, वायरिंग शेजारी, वर ताडपत्री. यावर आणखी काय लिहायचं? रॉकेल मिसळायचा जुना तोडगाही बीएस 6 गाडीत नको. कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेलने ते कमी होतं आणि पंप झिजतो. पेट्रोल मिसळणं तर सरळ आगीला आमंत्रण.

युरियाची टाकीही विसरू नका. धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या या द्रवात (डीईएफ) 32.5 टक्के युरिया असतो आणि ते उणे 11 अंशांना गोठतं. गोठताना फुगतं, म्हणून टाकीत थोडी जागा ठेवा. गोठलं तरी इंजिन चालू होतं आणि टाकीतला हीटर ते वितळवतो. घाईने त्यात गरम पाणी किंवा मीठ घातलंत तर मात्र खर्चात पडाल.

रेडिएटर: वाटेत बाटलीने पाणी

निघताना कूलंट भरलेलं असतं, मान्य. पण राजस्थानात पातळी उतरली की क्लीनर बाटलीने पाणी ओततो, पुढे आणखी एकदा, आणि जम्मूत पोचेपर्यंत ते नावापुरतं कूलंट उरतं. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण उणे 35 अंशांच्याही खाली टिकतं. नुसतं ग्लायकॉल मात्र उणे 13 च्या आसपासच गोठतं, त्यामुळे ‘जास्त घातलं की जास्त सुरक्षित’ हा हिशोब चुकीचा. वाटेत भरायला तयार मिश्रणाचा कॅन सोबत ठेवा आणि चढाला लागण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रण किती अंशांपर्यंत टिकेल ते दाखवणाऱ्या उपकरणाने) तपासून घ्या. रात्री पाणी सोडून द्यायची जुनी रीत हल्लीच्या इंजिनात पुरत नाही. कोपऱ्यात थोडं पाणी राहतं, ते गोठून साधारण नऊ टक्क्यांनी फुगलं की ब्लॉकला तडा जातो.

बॅटरी

चार वर्षांची बॅटरी सांगलीत सेल्फ मारते म्हणून तिकडेही मारेल असं समजू नका. उणे 18 अंशांना तिची ताकद जवळपास निम्मी होते आणि गार ऑइलमुळे इंजिनही जड झालेलं असतं. उतरलेली बॅटरी तर गोठून फुटू शकते. 24 व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या एकदम बदला. 20डब्ल्यू-50 हे घट्ट ऑइल असेल तर निघण्याआधी कंपनीच्या पुस्तकात बघून पातळ दर्जाचं भरा.

हवा: ब्रेकची आणि चाकांची

आपली हवा दमट. ब्रेकचा कॉम्प्रेसर ती दाबतो तेव्हा हवेच्या टाकीत पाणी साठतं, आणि थंडीत ते व्हॉल्व्हमध्ये गोठलं की ब्रेक लागत नाहीत किंवा सुटत नाहीत. या हवेतलं पाणी शोषणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज निघण्यापूर्वी बदला आणि रोज संध्याकाळी टाक्यांचे कॉक उघडून पाणी काढा. ओल्या रस्त्यावरून येऊन लगेच हँडब्रेक ओढून झोपलात, तर सकाळी लायनर ड्रमला चिकटलेले सापडतात. सपाट जागा बघून गिअरमध्ये ठेवा आणि लाकडी ठोकळे लावा.

टायरमध्ये सांगलीला 30 अंशांत 110 पीएसआय भरलं असेल, तर उणे 5 अंशांत ते साधारण 96 दाखवेल. हवा गळाली नाही, आकसली. तिथे थंड टायरवर मोजून पुन्हा भरा. इथूनच जास्त भरून निघू नका. बर्फात पकड यावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्लाही भरलेल्या ट्रकला लागू नाही.

बर्फात पकड देणारी टायरची साखळी मागच्या ओढणाऱ्या एक्सलवर, जोडचाकांत बाहेरच्या टायरला लावतात. ती बसवायची तालीम घरच्या अंगणात एकदा करा. बोटं बधिर असताना, अंधारात, अर्ध्या चढावर पहिल्यांदा उघडलेली साखळी बसत नाही. चढ सुरू होण्याआधी लावा, वेग तीस-चाळीसच्या आत ठेवा, मोकळ्या डांबरावर काढा. रिकामी गाडी जास्त घसरते हेही लक्षात असू द्या.

खंबाटकी घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) लावायची सवय चांगली, पण बर्फावर तो फक्त मागची चाकं अडवतो आणि गाडी आडवी होते. छोट्या गिअरमध्ये, हलक्या पायाने उतरा. न्यूट्रल तर कुठेच नको. काझीगुंडकडे निघणारा 8.45 किलोमीटरचा बनिहाल बोगदा आत कोरडा असतो, पण तोंडाशी बर्फाचा थर असू शकतो. वेग आतच कमी करा.

केबिनमध्ये शेगडी

ही चूक गाडीची नाही, जिवाची आहे. राष्ट्रीय महामार्ग 44 बर्फाने किंवा दरड कोसळून बंद झाला की ट्रक रात्ररात्र अडकतात. मग काचा बंद करून कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह पेटवला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, झोपेतच माणूस जातो. काच थोडी उघडी ठेवली म्हणून भरवसा धरू नका. ब्लँकेट, कोरडे मोजे आणि दोन दिवसांचं खाणं जवळ ठेवा. इंजिन चालू ठेवून झोपायचं झालं तर सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलेलं नाही ना, हे उतरून बघा.

सकाळी काचेवर उकळतं पाणी ओतू नका, तडकते. वायपर रात्री उचलून ठेवा.

परतीला कूलंट काढायची गरज नाही, सांगलीच्या उन्हातही ते चालतं. श्रीनगरात भरलेली हवा मात्र खाली उतरताना वाढत जाते. जम्मूत आणि पुन्हा दिल्लीच्या अलीकडे, चाकं गार असताना ती तपासून घ्या.