आजारपणातला छंद: या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की नाशिकमध्ये डेंग्यू, चिकुनगुनियाचे रुग्ण घराघरांत दिसू लागतात. ताप आठवड्यात जातो, पण चिकुनगुनियाची सांधेदुखी आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकते, काहींना महिनोनमहिने. शिवाय कुणाची बायपास झालेली असते, कुणाचा गुडघा बदललेला, कुणाच्या मणक्याची गादी सरकलेली. दिवसभर घरात पडून राहिल्यावर चौथ्या दिवशी भिंती खायला उठतात आणि घरातले कुणीतरी म्हणते, "काहीतरी छंद लावून घे." सल्ला अगदी योग्य. पण पुढचा प्रकार ठरलेला. हौसेने सामान येते, पहिल्या दिवशी चार तास बैठक होते, दुसऱ्या दिवशी हात उचलत नाही, आणि महिन्याभरात ती पिशवी माळ्यावर जाते.

मुळात प्रश्नच चुकीचा विचारला जातो. "मला काय आवडते?" हे नंतर. आधी हे विचारा: हातातले काम कुठल्याही क्षणी खाली ठेवले तर बिघडते का? आजारी माणसाचा दिवस त्याच्या हातात नसतो. अचानक थकवा येतो, औषधाने झोप येते, कुणी भेटायला येते. शाडूची माती मध्येच सोडली तर वाळून तडकते, जलरंगाचा ओला हात अर्ध्यात थांबला तर कडेला डाग धरतो, शंकरपाळ्यांचे तेल गॅसवर असताना आडवे होता येत नाही. भरतकाम, क्रोशा, वाती, शब्दकोडे ही कामे जिथे थांबवाल तिथे थांबतात. बाकी हौस बरे झाल्यावर भागवा.

नेम धरू नका

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती सगळ्यात श्रद्धेने केली जाते. पंचवटीतल्या एका काकूंचे उदाहरण घ्या. वय साठीच्या पुढे, जूनमध्ये चिकुनगुनिया झालेला, बोटांची पेरे अजून सुजलेली. बसल्या बसल्या देवाचे काम होईल म्हणून आषाढी एकादशीला त्यांनी चातुर्मासात लाख फुलवाती वळायचा नेम धरला. आता हिशेब मांडा. चातुर्मासाचे दिवस साधारण १२०. म्हणजे रोज ८३० वाती. सरावलेल्या हाताला एका फुलवातीला २० सेकंद धरले तरी रोजचे साडेचार तास झाले, तेही एकही दिवस खाडा न करता. पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात त्यांनी रोज हजार वळल्या. दुसऱ्या आठवड्यात अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. तिसऱ्या आठवड्यात चहाचा कप एका हाताने उचलेना. शंभर-शंभरच्या पुड्या बांधून डब्यात ठेवल्या होत्या, त्या सोळा हजारांवर थांबल्या. दुखण्यापेक्षा नेम मोडल्याचेच त्यांना जास्त लागले, आणि ते टाळता आले असते.

यात वातीचा दोष नाही. फुलवात वळताना कापसाचे टोक अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून पीळ द्यावा लागतो. चिमटीत जेवढा जोर लावतो, त्याच्या कित्येक पट ताण अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर येतो. तो सांधा आधीच सुजलेला असेल तर शंभरी पुष्कळ झाली. लांब वात तळहातावर तळहात फिरवून वळतात, तिला चिमूट जवळजवळ लागत नाही. बोटे दुखत असतील तर लांब वातीच वळा. फुलवातीच करायच्या असतील तर चिमटीला किंचित राख लावा, पीळ कमी जोरात बसतो. दुधाचे बोट लावण्याची पद्धतही आहे, पण पावसाळी हवेत ओलसर वाती डब्यात बंद केल्या की बुरशी धरतात, म्हणून आधी सावलीत पसरून सुकवा. कापूस सरकीचे कण काढलेला, स्वच्छ घ्या. दम्याच्या माणसाने कापूस पिंजत बसू नये. त्याचे तंतू आणि धूळ थेट नाकात जातात.

मोजायचे असेल तर नग मोजू नका, मिनिटे मोजा. स्वयंपाकघरातला टायमर किंवा मोबाइलचा गजर १० मिनिटांवर लावा. वाजला की हातातली वात पूर्ण करून थांबा, "अजून एवढ्या दहा" हे शब्द तोंडातून काढू नका. दुसऱ्या दिवशी उठल्यावर बोटांचा आखडलेपणा नेहमीइतकाच असेल तर तेवढीच मिनिटे पुन्हा. लागोपाठ तीन दिवस काही त्रास झाला नाही तर ५ मिनिटे वाढवा. आखडलेपणा जास्त वेळ टिकला तर वेळ निम्मा करा. एका बैठकीला ३० मिनिटांच्या वर कधीच जाऊ नका, कितीही बरे वाटत असले तरी. खरे तर बरे वाटत असेल त्या दिवशीच जास्त जपा. आजारपणातली बहुतेक पडझड चांगल्या दिवशी केलेल्या उधळपट्टीतून होते आणि तिची वसुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. सांधे सकाळी सगळ्यात जास्त आखडलेले असतात, म्हणून काम दहा-अकरानंतर घ्या. आधी पाच-सात मिनिटे सोसवेल इतक्या कोमट पाण्यात हात बुडवून ठेवा. मधुमेहामुळे हाताला बधिरता असेल तर पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या कुणाला पाहायला सांगा.

नेमाचीच सख्खी बहीण म्हणजे तारीख. "पुढच्या महिन्यात भाचीच्या बाळाचे बारसे आहे, तोवर टोपडे होईलच की." होणार नाही. झाले तर तुमच्या मानेच्या जिवावर होईल. आजारपणात विणलेली वस्तू कुणाला द्यायची ते ती पूर्ण झाल्यावर ठरवा.

सामान आधी, हात नंतर

क्रोशा शिकायचे ठरले की घरातल्या कुणाला तरी मेन रोडला पिटाळतात आणि पिशवीतून काय येते? बारीक पांढरा दोरा, एक-सव्वा मिलिमीटरची पोलादी सुई आणि तोरणाचा नमुना. दोऱ्याचा क्रोशा हे सरावलेल्या हाताचे काम आहे. नवशिक्याला त्यात टाका दिसत नाही, मग विणकाम डोळ्याजवळ येते, मान खाली जाते, खांदे कानाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी डोके धरते. पांढरा नाही तर काळ्या दोऱ्याचा गुंडा घेतात. काळ्यात तर टाका दिवसाउजेडीही सापडत नाही.

पहिली खरेदी एवढीच करा: फिक्या एकरंगी लोकरीचा मध्यम जाडीचा एक गुंडा आणि ४ मिलिमीटरची एक सुई. मखमली किंवा केसाळ लोकर नको, ती उसवता येत नाही. सुईचा दांडा पातळ असतो आणि तो धरायला चिमूट घट्ट लागते, म्हणून दांड्यावर जुन्या मऊ सुती कापडाची अर्धा इंच पट्टी गुंडाळून वर चिकटपट्टी लावा. मूठ जाड झाली की बोटांवरचा जोर उतरतो. गुंड्याचे टोक बाहेरून न घेता आतून काढा, आणि गुंडा एका छोट्या पातेल्यात ठेवा. नाहीतर तो पलंगाखाली जातो आणि ऑपरेशन झालेला माणूस त्याच्या मागे वाकतो.

आता विणायचे काय? १६ साखळ्या घाला. सुईजवळची साखळी सोडून दुसऱ्या साखळीपासून प्रत्येकीत एक साधा टाका, म्हणजे १५ टाके झाले. एक साखळी घालून काम फिरवा, परत १५. अशा १० ओळी. सगळ्यांचे बिघडते ते इथेच: चौकोन निघायच्या ऐवजी वर वर निमुळता त्रिकोण होतो. कारण एकच, ओळीचा शेवटचा टाका कडेला मुडपून बसलेला असतो, तो दिसत नाही आणि सुटतो. प्रत्येक ओळीला एक टाका गेला की दहाव्या ओळीला सहाच उरतात. उपाय म्हणजे प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा आणि ओळ संपली की मोजा. रुंदी वाढत असेल तर एकाच टाक्यात दोनदा सुई गेली आहे, किंवा फिरवताना घातलेली साखळीही टाका समजून विणली आहे. खालची कड आवळून कमानीसारखी झाली तर साखळ्या फार घट्ट पडल्या. तेवढ्या ओळीपुरती साडेचार-पाचची सुई वापरा, नंतर चारवर या. थांबताना शेवटचा फास थोडा मोठा करून त्यात सेफ्टी पिन घाला, काम उसवणार नाही.

"पाच मिनिटांत ब्लँकेट शिका" असल्या व्हिडिओंनी फार घात केला आहे. त्यांत हात भराभर चालतात आणि पाहणाऱ्याला वाटते आपलाच हात जड. हा १५ टाक्यांचा चौकोन नीट यायला चार-पाच बैठका लागतात. लागू द्या. वेळ घालवायलाच तर बसला आहात.

बसायचे कसे

पलंगावर उशीला रेलून, काम मांडीवर ठेवून मान खाली घालणे, ही घरोघरची बैठक आणि मानेच्या दुखण्याचे मूळ. काम डोळ्यांकडे वर आणा, डोळे कामाकडे खाली नेऊ नका. दोन्ही कोपरांखाली एकेक उशी घ्या, मांडीवर आणखी एक उशी आणि तिच्यावर पाट. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दिवा डाव्या खांद्यामागून घ्यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. मणक्याच्या रुग्णाने सलग किती वेळ बसायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दहा मिनिटे ही सुद्धा काहींना फार असतात.

रांगोळीची आवड असेल तर उकिडवे बसू नका. टेबलावर चौकटीची वही घ्या आणि सात बाय सात ठिपक्यांपासून सुरू करा.

माती आणि कुंड्या

बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट २० किलोच्या आसपास जाते. बायपासनंतर छातीचे हाड सांधायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तोवर एवढे ओझे उचलणे, ढकलणे, ओढणे सगळे बंद. हर्निया किंवा पोटाच्या ऑपरेशननंतरही तेच. "नुसती सरकवली" म्हणणारे पुन्हा दवाखान्यात जातात. त्यापेक्षा खिडकीतल्या उथळ प्लास्टिक ट्रेमध्ये मेथी लावा. दाणे रात्रभर भिजवा, चार इंच मातीवर पसरा, वर अर्धा सेंटिमीटर माती. तीन-चार दिवसांत उगवते, तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. पाणी लिटरभराच्या झारीने आणि माती वरून सुकलेली दिसल्यावरच द्या. दर तासाला प्रेमाने पाणी घातले की रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात. कोथिंबिरीसाठी धणे पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, आणि नाशिकच्या थंडीत लावा. एप्रिल-मेच्या उन्हात ती नीट उगवत नाही, उगवली तर लगेच फुलावर जाते.

केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव बदललेल्या किंवा स्टेरॉइडचे मोठे डोस घेणाऱ्या माणसाने माती आणि कंपोस्टला हातच लावू नये. त्यात बुरशीचे बीजकण असतात आणि प्रतिकारशक्ती कमी असताना ते फुप्फुसात घर करतात. इथे हातमोजे घातले तरी पुरत नाही, कारण धोका श्वासातून आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर भरतकामात बोथट टोकाची सुई, बोटाला टोपण, आणि कात्री लहान मुलांची, गोल टोकाची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर मोकळीक देईपर्यंत माती, धूळ, खाली वाकणे नको. तैलरंग आणि टर्पेंटाइन दम्याच्या घरात आणूच नका. मोबाइलवर रील पाहणे हा छंद नाही, त्याने झोप जाते.

वाचायला जाड कादंबरी घेऊन छातीवर ठेवणे हेही चुकतेच. तापानंतर मन एका पानावर टिकत नाही, आणि तिसऱ्या प्रकरणात पहिल्यातली माणसे विसरली की हिरमोड होतो. नाशिककरांना १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय हाताशी आहे. घरच्यांकडून तिथले जुने दिवाळी अंक मागवा. एक कथा पंधरा मिनिटांत संपते आणि उद्यासाठी काही लक्षात ठेवावे लागत नाही.

खिडकीतले पक्षी

हा सगळ्यात सोपा छंद, आणि त्यात लोक दोन गंभीर चुका करतात. पहिली, गॅलरीत कबुतरांना दाणे टाकणे. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. दम्याच्या किंवा न्यूमोनियातून उठलेल्या माणसाच्या गॅलरीत कबुतरे नकोतच. दुसरी, पाण्याचे भांडे भरून ठेवून विसरणे. डेंग्यू, चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. ज्या आजाराने अंथरूण धरायला लावले, त्याचीच पैदास आपल्या गॅलरीत होते. मातीची पसरट थाळी घ्या, पाणी दोन इंचांपेक्षा जास्त नको, आणि रोज ओतून, थाळी घासून पुन्हा भरा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी बदलून जात नाहीत. कुंड्यांखालच्या बशाही घासा.

दुर्बीण लगेच घेऊ नका. चांगली दुर्बीण पाऊण किलोची असते, दोन मिनिटांत दंड भरून येतात. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान २० मिनिटे खुर्चीत बसा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: वेळ, पक्षी, तो काय करत होता. साळुंकी, बुलबुल, शिंपी, दयाळ, शिंजीर एवढे बहुतेक वसाहतींत भेटतात. फेब्रुवारीपासून तांबटाची ठोक्यासारखी टुक-टुक ऐकू येते, पक्षी मात्र लवकर सापडत नाही. झाडाच्या शेंड्यावरच्या वाळक्या फांद्या बघा.

वही भरत आली की नांदूर मध्यमेश्वरला जायची घाई होते. जागा खरोखर तशीच आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे हे पाणथळ महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झाले. पण नाशिकपासून ४० किलोमीटर जायचे, तितकेच परत यायचे, आणि वर तिथले चालणे. आधी घराजवळच्या रस्त्यावर अर्धा तास चालून बघा. दुसऱ्या दिवशी त्रास झाला नाही, असे आठवडाभर जमले तरच बेत आखा. स्थलांतरित पक्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे लांबले तरी काही बिघडत नाही. निफाडकडची पहाटेची थंडी अंगावर घेऊ नका, ऊन वर आल्यावर पोहोचा. घडीची खुर्ची घरून न्या, एकाच जागी बसा, पक्षी पाहायच्या मनोऱ्याच्या पायऱ्या पुढच्या खेपेला ठेवा, आणि गाडी चालवायला दुसरे कुणीतरी बरोबर असू द्या.