सोसायटीला घेऊन ओहोटी बघायला जायचं तर

मुंबईत निसर्ग बघायचा म्हटलं की लोक बोरिवलीच्या नॅशनल पार्ककडे निघतात. समुद्र मात्र भेळ खायला आणि सूर्यास्ताचे फोटो काढायला. खरं तर कार्टर रोडचे खडक, हाजीअली, जुहूची सपाट वाळू, पाणी हटलं की इथे जे उघडं पडतं ते बघायला तिकीट लागत नाही. बिल्डिंगमधल्या दहा-पंधरा जणांना एका सकाळी तिथे न्यायचं असेल तर एकच गोष्ट नीट जमली पाहिजे, ती म्हणजे दिवस निवडणं. पाणी, टोपी, बूट हे सांगायला नको. स्लीपर घालून येणाऱ्याला वाळूवरच थांबवा.

आता दिवस. ‘रविवार बघा, ओहोटीची वेळ बघा आणि निघा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो कुचकामी आहे. ओहोटी रोज दोनदा येते, पण पाणी रोज सारखं उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही. भांगाच्या दिवशी मंडळी नेलीत तर खडक पाण्याखालीच दिसतील आणि सगळे वडापाव खाऊन परततील.

हे ॲपशिवाय कळतं. आपल्याकडे कोळी मंडळींचा जुना हिशेब आहे: तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोनाचा पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी साधारण दीडला पूर्ण भरती. त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. तृतीयेला सव्वाआठ. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांत हाच हिशेब. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ओहोटी बाराला. नीट बघा, मुंबईत भर दुपारची ओहोटी ही नेहमी भांगाचीच असते. ‘बाराला सगळ्यांना सोयीचं पडेल’ असं कोणी म्हणालं की ठाम नाही म्हणा.

म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर द्वितीया-तृतीया शोधा, मग भरती-ओहोटीच्या तक्त्यात उंची पडताळा. ओहोटीच्या वेळी पाणी एक मीटरच्या खाली जात असेल तर चला. अर्ध्या मीटरच्या आसपास असेल तर सुट्टी टाकूनही चला.

पोचायचं ओहोटीच्या तासभर आधी आणि उतरत्या पाण्यामागे चालत जायचं. तक्त्यातली वेळ झाली की परत फिरायचं, मग कोणाला काहीही सापडलेलं असो. पाणी उलटलं की पहिला तास काही जाणवत नाही, नंतर ते झपाट्याने चढतं. शिवाय ते समोरून येत नाही. तुम्ही उभे असता त्या खडकाच्या मागच्या घळी आधी भरतात आणि वाट तुटते. एक धडधाकट माणूस फक्त घड्याळ आणि मागची बाजू बघायला ठेवा. त्याला कॅमेरा देऊ नका.

तिथे गेल्यावर भाषण नको. नावांची यादी वाचून दाखवणारा मार्गदर्शक मुलांना पाच मिनिटांत पळवून लावतो. जुहूला वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, तिच्यापाशी सगळ्यांना गप्प बसवा. दोन-तीन मिनिटांत बिळातून चिंचोक्याएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडात घालतो, कणांवरचं खाद्य काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. तळमजल्यावरच्या गुहागरच्या आजींना इथे वाचा फुटते. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या कुठे मिळतात, कालवं कशी फोडतात हे त्या सांगू लागतात आणि लिफ्टमध्ये मान खाली घालून उभी राहणारी मुलं त्यांच्यामागे चालू लागतात. तुम्ही मध्ये बोलू नका.

खडकावर हिरवट, रबरी थर दिसला तर ते शेवाळ समजून तुडवू नका. बऱ्याचदा ती झोअँथिड नावाच्या जिवंत प्राण्यांची वसाहत असते. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा. नक्षीदार, शंकूच्या आकाराचा शंख हातात घेऊ नका, आतली गोगलगाय विषारी दंश करते. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, तुकडासुद्धा खिशात जाता कामा नये. मुंबईत कुठले आलेत प्रवाळ, असं कोणीतरी विचारतंच. किनारी रस्त्याच्या कामापायी वरळी आणि हाजीअलीचे प्रवाळ 2020 मध्ये दुसरीकडे हलवावे लागले, एवढं सांगा.

आणि कृपा करून याच फेरीला सफाई मोहीम जोडू नका. हातात पिशवी आली की माणसाला फक्त प्लास्टिक दिसतं. सफाई दुसऱ्या दिवशी करा, ती या लोकांना आपसूक करावीशी वाटेल.

नाल्याच्या तोंडापासून लांब राहा, घरी गेल्यावर हातपाय साबणाने धुवा. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाका, नावं तिथे कळतात. जून ते सप्टेंबर खडकांवर कोणालाही नेऊ नका, तक्त्यात ओहोटी कितीही चांगली दिसली तरी.