मेकॅनिकल कीबोर्ड उघडून पाहताना

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कीबोर्डचा वरून एक स्पष्ट फोटो काढा. शंभरएक बटणं परत बसवताना तोच कामी येतो. मग केबल काढा. कीबोर्ड वायरलेस असेल तर तो बंद करा. आत बहुधा लिथियमची बॅटरी असते, त्यामुळे टोकदार हत्यार जपून वापरा.

बटणांच्या टोप्या, म्हणजे कीकॅप, काढायला तारेचा चिमटा घ्या. प्लास्टिकच्या चिमट्याने कडांवर ओरखडे उठतात. तारा टोपीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांखाली अडकवून सरळ वर ओढा, तिरकं ओढलं तर टोपीखालच्या स्विचचा दांडा मोडू शकतो. स्पेस, एंटर, शिफ्ट या लांब बटणांखाली, ती तिरकी होऊ नयेत म्हणून, तारेचा स्टॅबिलायझर असतो. काही कीबोर्डांत ही तार टोपीच्या पोटातच अडकवलेली असते, म्हणून तिथे एकदम हिसका देऊ नका.

आता तळाचे स्क्रू. दिसतात तेवढेच असतात असं नाही. रबरी पायांखाली पाहा, लेबलवरून बोट फिरवा. खड्डा लागला तर तिथे स्क्रू आहे. काहींत ते वरून, बटणांच्या मधे असतात. सगळे निघूनही पेटी हलेना, तर कडेने प्लास्टिकच्या खिट्ट्या असणार. फटीत जुनं प्लास्टिक कार्ड सारत न्या. झाकण सुटल्यावर मात्र ते झटक्यात उचलू नका. यूएसबीचं सॉकेट वेगळ्या छोट्या बोर्डावर असेल तर मधे बारीक वायर असते. माझी पहिली वायर उत्साहाच्या भरात अशीच उपटली गेली.

आत स्विच धरून ठेवणारी प्लेट आणि तिच्याखाली सर्किट बोर्ड दिसेल. बोर्ड उलटा करा, खरी गंमत इथे आहे. 104 बटणांना 104 स्वतंत्र वायरी कुणी लावत नाही. बटणं आडव्या-उभ्या ओळींच्या जाळ्यात बसवतात: समजा 6 आडव्या आणि 18 उभ्या ओळी असतील, तर 24 जोडण्यांत 108 जागा मिळतात. चिप एकेक ओळ तपासत सतत फिरत असते. यात एक घोळ होतो. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, तर वीज उलट्या वाटेने जाते आणि न दाबलेलं चौथं बटणही दाबल्यासारखं वाटतं. ही उलटी वाट अडवायलाच अनेक बोर्डांवर प्रत्येक स्विचपाशी मुंगीएवढा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो.

स्विच सॉकेटमध्ये बसवलेले असतील तर एक उपसून घ्या. डाग देऊन जोडलेले असतील आणि सोल्डर काढायची सवय नसेल, तर तिथेच थांबा. उपसलेला स्विच पारदर्शक पिशवीत धरून त्याच्या खिट्ट्या उघडा, कारण स्प्रिंग उडते. आत दांडा, स्प्रिंग आणि धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दांड्याचा पाय या पट्ट्यांना दूर ठेवतो. बटण दाबलं की तो खाली सरकतो आणि पट्ट्या भेटतात. चेरी एमएक्स रेड या स्विचमध्ये बटण दाबल्याचा संकेत 2 मिलिमीटरवर जातो, दांडा मात्र 4 मिलिमीटर खाली जाऊ शकतो. म्हणजे बटण तळापर्यंत आपटायची गरजच नसते.

परत बसवताना स्विचच्या पिना सरळ आहेत ना ते पाहा आणि बोर्डाला मागून बोटाचा आधार द्या. पेटी बंद करण्याआधी केबल लावून एकेक स्विच दाबून बघा. एखादा मुका निघाला तर बहुधा त्याची पिन वाकून आडवी झालेली असते. चिमट्याने सरळ करून पुन्हा बसवा.